मागची बाजू

ऐरोलीत, सेक्टर पाचच्या गच्चीवर, टाकीच्या सावलीत
मी पाच नळ्या मांडल्यात.
रबाळ्याच्या भंगारातलं ॲल्युमिनियम, किलोवर आणलेलं,
दोन मीटरची सागाची पट्टी,
तिला पाडलेली पाच भोकं, त्यातलं चौथं तिरकं.

अण्णा प्लास्टिकच्या खुर्चीत.
"आता किती वॉट?"
"पाचच."
"पाच तर आधीही होते."
"हो. पाचच."

त्यांना पटत नाही.
एकतीस वर्षं त्यांनी कॉम्प्रेसर चालवला, ठाणे-बेलापूर रस्त्यालगत.
तिथे जास्त हवं तर जास्त दाबावं लागे,
काटा खोटं बोलत नसे,
आणि कान कधी गेले ते काट्यावर दिसलं नाही.

ऐका, मी म्हणते. जरा मोठ्यानंच म्हणते.

तार जोडलीय ती एकाच नळीला.
ती एकटी असती तर चहूकडे सारखंच बोलली असती,
पारसिकच्या कातळाला, मुलुंडच्या टॉवरांना,
खाडीतल्या तिवरांना, चिखलात चोच घालून उभ्या रोहितांना,
हळदीकुंकवाच्या साखरेसारखं
प्रत्येकीच्या हातावर चिमूटभर.
रेवदंड्यापर्यंत जाईतो चिमटीत उरणार काय?

बाकीच्या चौघींना तार नाही.
त्या ऐकीव बोलतात.
पहिलीचा शब्द अंगावर आला की थरथरतात
आणि तोच पुन्हा म्हणतात, आपापल्या वेळेनं.
मागची बोटभर लांब, पुढच्या तिघी बोटभर आखूड
(मिलिमीटरनं कापल्यात, त्यात माझा अंगठाही थोडा),
कुणी किती रेंगाळायचं ते त्या लांबीत
आणि मधल्या अंतरात ठरलेलं.
म्हणून पुढे, दक्षिणेला,
पाचही जणींच्या लाटा एका पावलावर पोचतात,
शिखरावर शिखर.
आणि मागे
एकीचा चढ दुसरीच्या उतारात पडतो,
बुजतो.
अगदीच सगळा नाही. कडेनं थोडं सांडतंच,
आकृतीत त्या पाकळ्या सुंदर दिसतात,
कामाच्या नसतात.

नवीन काही मिळालेलं नाही, अण्णा.
पारसिकचा वाटा काढून रेवदंड्याला दिलाय.

अजून अरुंद करायचं तर पट्टी वाढवा, नळ्या वाढवा.
शिकताना हे मला विचित्र वाटलं होतं:
झोत बारीक हवा तर आपण ऐसपैस व्हायचं.
लाटेपुढे जो अगदी चिमुकला
त्याचं बोलणं पसरतंच, त्याचा इलाज नाही.

"मास्तर, येतंय का ऐकू?"
खरखर. आणखी खरखर.
पट्टी दोन बोटं फिरवली,
आणि चौलकर मास्तर, शेजारच्या ब्लॉकमधून बोलावं तसे,
"अगदी स्वच्छ! पॉवर वाढवलीत का हो?"

मी हसले. मग बराच वेळ बोलत राहिले,
त्यांच्या नारळांवरची कीड, मुलाची बदली,
माझं चौथं भोक.

ती बोलते तशीच ऐकते.
जिकडे गप्प, तिकडे बहिरी.
हे मला पाठ आहे, परीक्षेत लिहिलंय.

वळून पाहिलं तर अण्णांचे ओठ हलत होते.
केव्हापासून, कोण जाणे.
खुर्ची बरोबर पट्टीच्या मागच्या टोकाकडे,
माझ्या कागदावर जिथे आकृती
आत ओढून जवळजवळ शून्यावर टेकते.

"काय?" मी ओरडले.

त्यांनी उजव्या कानामागे पंजा धरला,
बोटं जुळवून, किंचित वाकवून.
"ओरडू नकोस. इकडून बोल.
समोरून."

माइक खाली ठेवला.
टाकीला वळसा घालून त्या पंजाच्या तोंडाशी गेले
आणि घरात बोलतो तेवढ्याच आवाजात विचारलं,
काय म्हणत होतात?

"त्याला विचार," अण्णा म्हणाले,
"यंदा जिताडा लागलाय का म्हणावं तिकडे."